परसातली चहाची खोली

ठाण्याच्या घरामागच्या परसात त्र्यंबक उकिडवा बसून काटकीने मातीत रेघा ओढत होता आणि त्याचे वडील अण्णा हात मागे बांधून उभे होते. कापसाच्या पेढीतर्फे आगबोटीने जाऊन तो दोन वर्षं जपानात राहून आला होता. तिथल्यासारखी चहाची खोली त्याला केळींच्या आडोशाला बांधायची होती. एवढीशी, गवताने शाकारलेली, आत एक चटई आणि शेगडी. माणसाने सगळा व्याप बाहेर ठेवून घटकाभर बसावं, बस्स.

अण्णांना सांगायचं होतं ते वेगळंच. धाकट्या शुभदाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि कल्याणच्या व्याह्यांचा काल निरोप आला होता. समुद्र ओलांडून आलेला मुलगा प्रायश्चित्त घेत नसेल तर तो घरात नको, नाहीतर लग्न मोडलं असं समजा. प्रायश्चित्ताचं नाव काढलं की त्र्यंबक म्हणे, मी पाप काय केलं ते आधी सांगा. त्याचंही चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कोर्टात भल्याभल्यांची तोंडं बंद करणारे वकील पोटच्या पोरापुढे मुके झाले होते.

"मागच्या गल्लीकडे एक दार ठेव," अण्णा म्हणाले.

त्र्यंबक खूश झाला. आल्यापासून वडील पहिल्यांदाच त्याच्या नादात सामील होत होते. खरंच, पाहुण्यांना स्वयंपाकघरावरून यायला नको. मग अण्णांनी पाण्याच्या माठासाठी कोपरा सुचवला, झड आत येते म्हणून पश्चिमेला पक्का कूड घालायला सांगितला. त्र्यंबकने लगेच तशी रेघ ओढली.

"आणि हातभर लांब कर."

"कशाला? दोन माणसं बसली की झालं, अण्णा."

"बसतील रे." अण्णा मातीतल्या रेघांकडे पाहत होते. "पण निजताना तुझे पाय कुठे जातील?"

काटकी थांबली. त्र्यंबकने घराकडे पाहिलं. आत लग्नाचे पापड लाटताना बायका गात होत्या, त्यात शुभदाचं हसू ऐकू येत होतं. मग तो रेघांच्या आत, मातीतच आडवा झाला.

"माप घ्या," तो म्हणाला.

अण्णा वाकले. त्याच्या पायांपाशी त्यांनी खूण केली, आणि थोडी जागा जास्त सोडली.