राखीव पत्ते

ब्रनो शहरातल्या ऑफिसात रादकाने एक भलंमोठं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, सुरू केलं. त्याच्या मेमरीतल्या काही जागांचे पत्ते राखीव असतात. तिथे कुणी काही लिहायचं नसतं.

"तिथे डोकावू नकोस बाई, भुतं राहतात," शेजारी बसलेला लुडविक कॉफी ढवळत म्हणाला.

रादका डोकावलीच. तिथे मजकूर होता: ‘तिथे डोकावू नकोस बाई, भुतं राहतात.’

तिने मशीन बंद करून दुसरं सुरू केलं. तिथेही तेच वाक्य.

"थट्टा पुरे झाली, लुडविक."

"मी काय केलं आता?"

ही दोन्ही वाक्यंही तिथे उमटली. त्याखाली आणखी एक ओळ होती, अजून कुणीच न बोललेली: ‘रादका, मला श्वास घेता येत नाहीये.’

तिने वळून पाहिलं. लुडविक शर्टाची कॉलर सैल करत होता. त्याने तोंड उघडलं.