काहून उभा दारी

"हे लिंक पुढं दुसऱ्याले पाठवता येते काय?" पुंजारामबुवांनी विचारलं.

योगेशने मोबाइलमधून डोकं वर काढलं. बुवांच्या मनातही संशय वळवळतोय म्हणायचा. येते, तो म्हणाला, पण आपल्या माणसांवर भरवसा ठेवावाच लागतो. हे म्हणताना त्याने देवमनकडे मुद्दाम पाहिलं नाही.

वलगावच्या या भजनी मंडळात भरवसा आता बोलण्यापुरता उरला होता. खंजेरीच्या भजनाला चाल बांधावी ती पुंजारामबुवांनी, हे सगळ्या जिल्ह्याला मान्य. पण गेली दोन वर्षं अकोल्याच्या स्पर्धेत बार्शीटाकळीचं मंडळ आधी उठायचं आणि बुवांची नवीकोरी चाल गाऊन मोकळं व्हायचं. मागून वलगावकर गायले, की परीक्षकांना तेच नकलाकार वाटायचे. एवढी नामुष्की पचवणं सोपं नव्हतं. मंडळात कोणीतरी फितूर होता.

ढोलक वाजवणाऱ्या देवमनची सासुरवाडी बार्शीटाकळीची होती. संशय घ्यायला लोकांना आणखी काय लागतं? टाळ धरणारे नत्थुजी तर उघडच म्हणायचे, की याला आधी बाहेर काढा. अडवायचे ते बुवा. "पाह्यल्याबिगर कोणाले बोट दाखवू नका," एवढंच ते म्हणत.

बुवा तसे कठोर. पोटच्या पोरीने, सुभद्राने, स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा नवऱ्यासह दाराशी आलेल्या तिला त्यांनी उंबरठाही ओलांडू दिला नव्हता. ती अकोल्याकडे कुठेशी असते, एवढंच लोकांना ठाऊक होतं; तिचा नवरा बुवांखेरीज कोणी पाहिलाही नव्हता. तिचं नाव त्या घरात कोणी काढत नसे. अशा माणसाने देवमनची बाजू घ्यावी, याचं योगेशला कौतुक वाटायचं. त्याला स्वतःला तेवढं जमत नव्हतं. देवमन त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो चोर निघाला तर मंडळ वाचणार होतं आणि दोस्त जाणार होता. झोप उडवायला तेवढं पुरे होतं.

यंदाचं भजन देवाला 'दारात का उभा' असं विचारत घरात बोलावणारं होतं. 'काहून उभा दारी, ये ना घरात आता.' बुवांच्या मळ्यातल्या शेडमध्ये, झेंडूच्या टोपल्या सरकवून सराव झाला आणि योगेशने त्याचा व्हिडिओ काढला. तो प्रत्येकाने घरी ऐकून गाणं घोटायचं ठरलं. पण फाईल झाली भली मोठी. व्हॉट्सॲप ती इतकी आवळून पाठवायचं, की खंजेरी डबा बडवल्यासारखी वाजायची. पेन ड्राइव्ह नत्थुजींच्या मोबाइलला लागेना. शेवटी योगेशने सोपा मार्ग काढला. फाईल एका साइटवर चढवायची आणि ज्याची त्याला लिंक धाडायची.

नत्थुजी बिचकले. लिंक दाबली की बँकेतलं खातं साफ होतं, असं जावयाने त्यांना बजावून ठेवलं होतं. त्यांची समजूत घालता घालता दिवेलागण झाली.

बुवांना खरं तर लिंकची गरज नव्हती. गाणं त्यांचंच.

"मलेई पाठव," ते म्हणाले. "माझं गाणं मले कवा आयकाले भेटते?"

घरी जाऊन योगेशने सापळा लावला. सरावात बुवांनी तेच भजन पुन्हा पुन्हा म्हटलं होतं, आणि त्यांच्या तोंडून कधी 'काहून' यायचं, कधी 'कावून'. वऱ्हाडात दोन्ही चालतात, कोणाच्या कानाला खटकत नाही. 'कावून'चा तुकडा त्याने एकट्या देवमनला पाठवला. नत्थुजींना 'काहून'चा. एका खेपेला बुवांची जीभ घसरून 'उभा'चं 'उभी' झालं होतं. सगळे हसले होते आणि बुवांनी खंजेरी खाली ठेवून पाणी मागितलं होतं. तो टाकाऊ तुकडा त्याने बुवांच्या लिंकमध्ये सरकवला. ज्याने गाणं बांधलं त्याला काय फरक पडतो?

अकोल्याला पोचल्यापासून योगेशची नजर देवमनवर होती. मंडपाच्या मागे देवमन बार्शीटाकळीच्या एका माणसाशी बोलताना दिसला. बोलणं हळू होतं. देवमन परत येताच त्याने विचारलं, कोण होता तो?

"माया साळा. सासऱ्याची तब्येत विचारून राहिलो होतो." देवमनने ढोलक खाली ठेवलं. "तू बी मले चोर समजून राहिला का रे?"

योगेशला खरं बोलायची लाज वाटली आणि खोटं बोलवेना.

तेवढ्यात बार्शीटाकळीचं नाव पुकारलं गेलं. त्यांचा दरवर्षीचा गायक यंदा मागे पेटीवर बसला होता. पुढे, पुकारणाऱ्याने सांगितलं तशी, त्याची बायको होती, डोक्यावर पदर, हातात खंजेरी. तिने मान वर केली आणि नत्थुजींच्या हातातले टाळ खणकन वाजले. ती सुभद्रा होती.

बुवांनी डोळे मिटून घेतले. रागाने मिटले असतील, योगेशला वाटलं. इतक्या वर्षांनी पोर दिसावी तीही अशी, चोरांच्या मंडळात.

खंजेरी घुमली. चाल तीच होती, बुवांची, हरकतींसकट. नत्थुजी दात खात देवमनकडे पाहू लागले. देवमनच्या कपाळावर घाम आला. योगेशला मात्र आता फक्त एक अक्षर ऐकायचं होतं. 'वू' आलं की संपलं. त्याने नकळत देवमनचं मनगट घट्ट धरलं.

सुभद्राने वलगावकर बसले होते तिकडे पाहिलं आणि आवाज चढवला.

"काहून उभी दारी, ये ना घरात आता…"