खिळ्याची खूण

खंडेरावांनी स्टोव्हमध्ये दोन झाकणं स्पिरिट ओतलं, काडी लावली आणि वर पाण्याचं पातेलं ठेवलं. गच्चीवर दुपारचं ऊन होतं. ते थोडा वेळ बसले. मग उठले, कठड्यापर्यंत गेले, परत आले आणि पुन्हा उकिडवे बसले.

स्टोव्ह म्हणजे कोल्ड्रिंकच्या दोन डब्यांची बुडं कापून एकात एक बसवलेली, काठाला सुईनं भोकं पाडलेली. फुंकर मारली तर सरकेल इतका हलका. असे कितीतरी स्टोव्ह भिंतीला लावून ठेवले होते.

"भाऊ, आज किती नापास?" शेजारच्या गच्चीवरून मालनबाईंनी विचारलं. त्या चटईवर बोरं वाळत घालत होत्या. "अन् ते डबे झाकून ठेवत जा जरा. गल्लीत म्हणत्यात, खंडेराव प्यायला लागले. वरून स्पिरिटचा वासबी येतो."

"येऊ द्या," खंडेराव म्हणाले.

त्यांची मुलगी प्रांजली सॅक घेऊन वर आली. तिचा ग्रुप आज अंतूरच्या किल्ल्याकडं मुक्कामाला निघाला होता.

"अण्णा, सहा स्टोव्ह द्या. गाडी येईल आता."

"एकबी नाय देता येत."

"का?"

"नापास हायेत."

प्रांजलीनं भिंतीजवळचा एक स्टोव्ह उचलून उलटा केला. मग दुसरा, तिसरा. स्टोव्ह चालला की खंडेराव त्याच्या बुडाला खिळ्यानं एक खूण करायचे. पण त्याआधी बानाबाई समोर बसायची, पाणी उकळेपर्यंत बघायची आणि म्हणायची, "चालंल." तिनं म्हटल्याशिवाय खिळा हातात घ्यायचा नाही, असं नवरा-बायकोचं ठरलेलं होतं.

सगळी बुडं कोरी होती.

"आई गेल्यापासून एकपण पास नाही?" प्रांजली म्हणाली. "मागच्या वेळी पण मला असंच रिकाम्या हातानं पाठवलंत."

"ज्योत बरोबर येत नाय. भोकं बारीक पाडून बघितली, मोठी पाडून बघितली. डोंगरात रात्री बंद पडला तर? शिव्या तुलाच बसतील." त्यांनी समोरच्या स्टोव्हकडं बोट केलं. "हाच बघ. लावला अन् विझला."

त्यांनी पातेलं सांडशीनं उतरवलं, स्पिरिटची बाटली उघडली आणि स्टोव्हवर वाकवली.

प्रांजलीनं सॅक टाकली आणि त्यांचं मनगट धरून मागं ओढलं.

"पेटलेला आहे तो!"

"कुठं पेटलाय?"

"भिंतीवर बघा."

भिंतीवर स्टोव्हची सावली पडली होती. सावलीच्या वरची हवा थरथरत होती.

"अवो भाऊ," मालनबाई कठड्याशी आल्या होत्या, "उन्हात ती ज्योत दिसत नसती. बानाबाई नाय का चिमूटभर मीठ टाकायच्या?"

खंडेरावांना ते ठाऊक होतं. इतके स्टोव्ह त्यांनीच केले होते. त्यांनी बाटलीला झाकण लावायला घेतलं, पण ते आट्यात बसेना. प्रांजलीनं बाटली काढून घेतली, झाकण लावलं आणि ती जिन्यात नेऊन ठेवली. मग खाली जाऊन मिठाची बरणी घेऊन आली.

तिनं चिमूट सोडली. सगळ्या भोकांतून पिवळ्या ज्योती वर आल्या, एकसारख्या.

खंडेराव बघत राहिले. प्रांजलीनं पातेलं परत ठेवलं. मालनबाई कठड्यावर हात टेकून उभ्या होत्या. पाणी आधी कडेला हललं, मग मधून उसळलं.

"चालंल," प्रांजली म्हणाली.

खंडेरावांनी झटकन वर पाहिलं. "ते तू नको म्हणू."

"मग कोण म्हणणार, अण्णा?"

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. ज्योती पुन्हा दिसेनाशा झाल्या होत्या.

"मीठ टाक," ते म्हणाले.

तिनं टाकलं. पिवळं झालं.

"अजून."

ती थांबली, तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि टाकलं. या वेळी थोडंच पिवळं झालं, एका बाजूला. खाली गाडीचा हॉर्न वाजला. प्रांजली जागची हलली नाही.

"अजून टाक."

मीठ स्टोव्हमध्ये पडलं. काहीच पिवळं झालं नाही; स्पिरिट संपलं होतं.

खंडेरावांनी स्टोव्हवर तळहात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग त्यांनी स्टोव्ह उलटा केला. करपलेलं मीठ फरशीवर सांडलं. खिशातून खिळा काढून त्यांनी बुडावर टेकवला आणि हातोडीचा एक ठोका दिला.

"त्यांना सांग, जरा थांबा," ते म्हणाले. "पुढचा आण. मीठ तूच टाक."