नववी ‘ब’ला लावलेला फिल्टर

“आता बघा गंमत,” म्हणत मुळे सरांनी माउस दाबला आणि पडद्यावरून नववी ‘ब’ जवळजवळ सगळी पुसली गेली. चारच नावं उरली. तिसरं रितिकाचं.

संगणकाच्या तासाच्या सुरुवातीला सरांनी पोरांकडून शिष्यवृत्तीची शेवटची तारीख इंटरनेटवर शोधून घेतली. तिथवर ठीक. मग म्हणाले, वर्गाच्या शीटवर फिल्टर लावू, कोणाचे फॉर्म राहिले ते कळेल. आता शीटमध्ये ‘फॉर्म भरला’ असा धडधडीत रकाना होता. सरांनी फिल्टर लावला प्रवर्गाच्या रकान्यावर. बाणावर क्लिक केलं, सगळ्या खुणा काढल्या, ‘एससी’वर तेवढी ठेवली.

“ही नावं उभी राहा.”

चौघं उभी राहिली. काजल आणि रितिका कन्हानहून रोज एकाच ऑटोनं यायच्या, एकाच बेंचवर बसायच्या. काजलनं मान वर करून रितिकाकडे असं पाहिलं, जसं कोणी नवीनच पोरगी वर्गात आली.

मागून पंकज बोलला, “फ्रीवाली पार्टी आली ना बाप्पा!”

वर्ग खिदळला. सर पण हसले. ओठ दाबून, पण हसले.

“चूप बसा रे. हे चौघं उद्या फॉर्म आणतील.”

“सर, मी कवाच भरला फॉर्म,” रितिका म्हणाली. तिनं मागं उभ्या असलेल्या अनिशकडे बोट दाखवलं. “अनिशनं बी भरला.”

“लिस्टमध्ये नाव येऊन राहिलं ना तुझं? मग गुमान उभी राहा.”

रितिका जागेवर उभी राहिली नाही. चालायला लागली, थेट सरांच्या टेबलाकडे.

“कुठं चालली वं?” काजल कुजबुजली.

सरांनी हात आडवा घालेपर्यंत माउस तिच्या हातात होता. तोच बाण. ‘एससी’ची खूण तिनं काढली आणि ‘ओपन’वर लावली. पडद्यावर दहा-बारा नावं आली. सगळ्यात वर पंकज.

“ही नावं बी उभी राहा,” ती म्हणाली. आवाज थरथरला तिचा. थरथरू दिला.

कोणी हललं नाही.

“सांगा ना सर या पोरायले. लिस्टमध्ये नाव येऊन राहिलं ना या पोरायचं?”

“रितिका, माउस ठेव! तमाशा नको करू!”

तिनं ठेवला नाही. बेंचावरची पोरं पडद्यावर आपापलं नाव वाचत होती. आपल्या नावाशेजारी आपला प्रवर्ग एवढ्या मोठ्या अक्षरात त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. एकानं दप्तर मांडीवर ओढलं. कोणी हसत नव्हतं आता.

पंकजचा चेहरा रडवेला झाला.

“आम्ही काहून उभं राहायचं, सर?” तो म्हणाला. “आम्ही काय केलं?”