तीन ओरखडे

कडक पोलादाचा तो ठोकळा सकाळपासून ऑपरेटरचा अंत पाहत होता. दर फेरीला मिलिंग मशीनचा कटर एकाच जागी कुरकुरायचा आणि तिथं तीन बारीक ओरखडे उठायचे.

“कटर बदललास?” सुपरवायझरनं विचारलं.

“बदलला, साहेब. आखूड धरला, स्पीड उतरवला, ठोकळा पुन्हा आवळला. मशीनचंच काहीतरी आहे.”

“नाचता येईना, अंगण वाकडं! दुपारपर्यंत आरशासारखा पाहिजे. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

सुपरवायझर गेल्यावर त्यानं आणखी एक फेरी दिली. ओरखडे निघून गेले, आणि त्यांच्याखालून तेच तीन वर आले. आता जरा खोल.

कट कसा आलाय ते डोळ्यांनी नाही, नखानं बघायचं, हे त्याला थोरल्या भावानं याच मशीनवर शिकवलं होतं. मशीननं आधी दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली आणि वर्षभरानं दादालाच. पण मधल्या त्या वर्षात उरलेल्या तीन बोटांची नखंसुद्धा केसाएवढा फरक पकडायची.

त्यानं मशीन बंद केलं. कटर थांबला. कुरकुर थांबायला मात्र थोडा वेळ लागला.

फडक्यानं तेल पुसून त्यानं ओरखड्यांवर तीन बोटं ठेवली. तिन्ही नखं तिन्ही ओरखड्यांत नेमकी बसली. आत्ताच कापलेलं पोलाद गरम असायला हवं होतं, पण ते गार होतं.

मग आतून, त्या भरीव पोलादातून, कुणीतरी त्याच्या नखांवरून नख फिरवलं. सावकाश, कट कसा आलाय ते बघावं तसं.