मामा येणार

गातिनो नदीकाठच्या आमच्या लाकूडतोड्यांच्या तळावर लिहिता-वाचता यायचं ते फक्त मुकादम लाब्रेशला. कोवळ्या ओनेझिमने आईला पत्र सांगितलं, "घोंगडी फाटलीय, पोटभर मिळत नाही." मुकादमाने मान डोलवत लिहून घेतलं.

महिन्याने बर्फगाडीतून उत्तर आलं. मुकादम खड्या आवाजात वाचू लागला, "पोरा, तू मजेत आहेस, मुकादम बापासारखी माया करतो, हे कळलं."

ओनेझिम चमकला.

"पण तुझा बाप तर तुला पट्ट्याने फोडून काढायचा. म्हणून तुझ्या तिन्ही मामांना तिकडे धाडतेय."

मुकादमाने पत्राची घडी घातली, स्वतःची घोंगडी आणून ओनेझिमला दिली आणि स्वयंपाक्याला म्हणाला, "याला मांस वाढ."

ओनेझिम हळूच माझ्या कानाशी लागला.

"पण आईला तर एकही भाऊ नाही रे."