बाबांच्या मापाची सीट

जुन्या गाड्या घेऊन विकणाऱ्या बेलसरेकाकांनी बॉनेट बंद केलं आणि फडक्याला हात पुसले. "तुझ्या बाबांनी गाडीची पार वाट लावली, पोरी. इंजिन शर्यतीच्या गाडीचं, ब्रेकही तिचेच. हिला अस्सल कोण म्हणणार? मूळचं इंजिन तरी आहे का?"

"मागे आहे, ताडपत्रीखाली."

"मग जमेल. हे सगळं काढून मूळचं बसवतो. दुप्पट किंमत येईल."

शर्वाणीने होकारार्थी मान हलवली. बाबा गेल्यापासून त्यांचे शर्ट, चष्मे, उरलेली औषधं, जो जे मागेल त्याला ती अशीच मान हलवत आली होती. वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं.

काका आत बसले आणि कण्हले. "आधी ही सीट फेकायची. हिच्यात दुसरा माणूस मावेल कसा?"

ती सीट बाबांनी शर्यतवाल्यांच्या रीतीने केली होती. सांगाड्यात प्लास्टिकची पिशवी ठेवून ते तिच्यावर बसले आणि शर्वाणीने पिशवीत पातळ फोम ओतला. "अजिबात हलायचं नाही," तिने दटावलं होतं. फोम पाठीमागे फुगत गेला, तापला. "फुकटात शेक मिळतोय गं!" म्हणत ते हसले होते.

काका उतरल्यावर तिने वाकून सीटवर हात फिरवला. बाबांचा एकदा मोडून पुन्हा जुळवलेला डावा खांदा, कमरेतला बाक, फोमने सगळं जसंच्या तसं धरून ठेवलं होतं.

"गाडी न्या, काका. हवी तशी अस्सल करा," ती म्हणाली. "पण आधी पाना द्या. ही सीट मी सोडवून घेते."